दहा मूल्यांत नसलेलं मूल्य

गोपाळ कृष्ण गोखल्यांची एक गोष्ट मराठी शाळांत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. गुरुजींनी घातलेली गणितं वर्गात एकट्या गोपाळची बरोबर आली. गुरुजींनी शाबासकी दिली, पहिल्या जागेवर बसायला सांगितलं, आणि पोरगं रडायलाच लागलं. एक गणित त्यानं दुसऱ्याच्या मदतीनं सोडवलं होतं आणि त्याची शाबासकी त्याला नको होती. गोखले जन्मले 1866 साली, गुहागरजवळच्या कोतळूकला. पण वडील कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलला नोकरीला होते आणि गोपाळचं सुरुवातीचं शिक्षण तिथंच झालं. बिद्री हे त्याच कागल तालुक्यातलं गाव. तिथल्या मुलांपुढं परिपाठाला ही बोधकथा येते तेव्हा ती दूरच्या थोर पुरुषाची नसते, आपल्याच तालुक्यात पाटी-दप्तर घेऊन शाळेला गेलेल्या एका मुलाची असते. निदान एवढं तरी मुलांना सांगायला हवं.

अशा गोष्टींनी, सुविचारांनी, शपथांनी मुलं खरंच प्रामाणिक होतात का? प्रश्न जुना आहे. त्यावर आयोग बसले, परिपत्रकं निघाली, मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले. हे सगळं शेजारी शेजारी मांडून पाहिलं की माझं मत पक्कं होत जातं. खरेपणा मुलं ऐकून थोडा शिकतात. खरं बोलल्यावर आपलं काय होतं आणि मोठी माणसं कशी वागतात हे बघून पुष्कळ शिकतात. आपल्या शाळांनी ऐकवण्यावर भरपूर मेहनत घेतली. उरलेल्या भागाकडे मात्र अजून नीट पाहिलेलं नाही.

स्वातंत्र्यानंतर नैतिक शिक्षणाचा मोठा विचार श्रीप्रकाश समितीनं 1959-60 मध्ये केला आणि त्यानंतर कोठारी आयोगानं, 1964 ते 66 या काळात. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. कोल्हापूरहून बिद्रीमार्गे पुढं जाणारा रस्ता ज्या गारगोटीला पोचतो, तिथलं मौनी विद्यापीठ ही त्यांच्याच कामाची खूण. मूल्यांसाठी आठवड्याला एखाद-दुसरा तास असावा, असं आयोगानं म्हटलं. पण त्याचबरोबर शाळेचं सगळं वातावरण, शिक्षकांचं वागणं आणि इतर विषयांचं अध्यापन यांतूनच ही शिकवण झिरपली पाहिजे, असंही बजावलं. प्रत्यक्षात आपण उचलला तो तास. वातावरण वेळापत्रकाच्या चौकटीत बसत नाही, म्हणून ते मागं राहिलं.

पुढं 1999 मध्ये शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीनं मूल्यशिक्षणावर अहवाल दिला. त्यात पाच मूल्यं होती आणि पहिलं होतं सत्य. साधारण त्याच सुमारास महाराष्ट्रातल्या शाळांत मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं आली: वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रीय एकात्मता आणि राष्ट्रभक्ती. डी.एड. केलेल्या माणसाला ही यादी झोपेतही पाठ असते. तिच्यात प्रामाणिकपणा नाही.

तो बाकीच्या मूल्यांत गृहीतच आहे, असं कुणी म्हणेल. पण मग वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा यांना स्वतंत्र जागा का मिळाली? मला याचं एकच कारण दिसतं. उशिरा आलेलं मूल फाटकात दिसतं, चुरगळलेला गणवेश दिसतो, कापलेली नखं तपासता येतात. प्रामाणिकपणाची वेळ येते ती कुणी बघत नसताना, त्यामुळं तो तपासणीला सापडत नाही. शिक्षकाच्या टाचणवहीत रोजच्या पाठापुढं गाभाघटक आणि मूल्य लिहायचा रकाना असतो. तो भरलेला आहे की नाही, एवढंच वरून आलेल्या साहेबांना दिसतं.

गोष्टींबद्दल आता बऱ्यापैकी ठोस माहिती हाती आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलाला खेळण्याकडे वळून बघू नकोस असं सांगून एकटं सोडायचं, परत आल्यावर एक गोष्ट वाचून दाखवायची आणि मग विचारायचं, बघितलंस का? ‘लांडगा आला रे आला’ ऐकलेली मुलं जास्त खरं बोलली नाहीत. खोटं बोललं की नाक वाढणाऱ्या पिनोकिओचाही काही उपयोग झाला नाही. फरक पडला तो जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाच्या गोष्टीनं. त्यात मुलगा आपण झाड तोडल्याचं कबूल करतो आणि वडील त्याला शाबासकी देतात. संशोधकांनी याच गोष्टीचा शेवट बदलून मुलगा खोटं बोलतो आणि त्याचं वाईट होतं असं केलं, तेव्हा परिणाम नाहीसा झाला. खोट्याची शिक्षा सांगून लहान मुलं खरी होत नाहीत; खरं बोलणं स्वागताचं आहे, हे कळलं की होतात.

या कसोटीवर आपली गोखल्यांची गोष्ट उतरते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तलं ‘मोठा होण्यासाठी चोरी’ हे प्रकरणही तिसरी-चौथीच्या मुलांना आजही वाचून दाखवण्यासारखं आहे, कारण पुस्तकासाठी पैसे चोरणारा श्याम आईच्या मायेतूनच सुधारतो.

मोठ्या मुलांचं वेगळं आहे. आठवी-नववीतल्या मुलाला खरं बोललं की शाबासकी मिळते असंच सांगत राहिलो, तर तो मनात हसेल, कारण तोवर त्यानं बरंच पाहिलेलं असतं. त्याला गोखल्यांची दुसरी गोष्ट सांगितली पाहिजे, जी पाठ्यपुस्तकांच्या बाहेरच राहते. 1897 मध्ये हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढं साक्ष द्यायला गोखले इंग्लंडला गेले होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातल्या गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रं त्यांना आली आणि त्यांच्या आधारे त्यांनी तिथं जाहीर आरोप केले. परत आल्यावर पत्र लिहिणारी माणसं पुराव्यानिशी पुढं यायला तयार नव्हती. पुरावा नाही, म्हणून गोखल्यांनी बिनशर्त जाहीर माफी मागितली. त्यांचं मोठं हसं झालं, स्वकीयांनी भेकड म्हटलं, पुढं कित्येक वर्षं ही माफी त्यांच्या तोंडावर फेकली जात राहिली. त्यांनी तशी माफी मागायला हवी होती का, यावर वर्गात दोन बाजू पडतील. पडू द्याव्यात. खरेपणाची किंमत मोजावी लागते आणि ती कधी कधी फार मोठी असते, हे पंधराव्या वर्षी कळलेलं बरं.

पाश्चात्य जगातही नीतिपाठांचा हिशेब फार पूर्वी झाला आहे. अमेरिकेत हार्टशॉर्न आणि मे यांनी 1920च्या दशकात सुमारे 11,000 शाळकरी मुलांना फसवणुकीची संधी मिळेल अशा चाचण्या दिल्या: उत्तरपत्रिका स्वतः तपासणं, खेळातले गुण स्वतः मांडणं, पैशांचा डबा हाताळणं. 1928 मध्ये निष्कर्ष आले, ते अनेकांना बोचले. एका ठिकाणी सचोटीनं वागणारं मूल दुसऱ्या ठिकाणी फसवत होतं. चारित्र्याचे धडे घेतलेली मुलं इतरांपेक्षा फारशी वेगळी वागत नव्हती. मोठा फरक पडत होता तो प्रसंगाचा आणि वर्गाचा: पकडलं जाण्याची शक्यता किती, आजूबाजूची मुलं काय करतात, शिक्षकाशी नातं कसं आहे. नंतरच्या संशोधकांनी या निष्कर्षांना मुरड घातली, पण मूळ मुद्दा टिकून आहे.

छडीचा विषयही इथंच येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मुलांना मारायला बंदी आहे, तरी धाक असला की पोरं सरळ राहतात हे वाक्य गावोगाव ऐकू येतं, आणि पालकच ते शिक्षकांना सांगतात. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी 2011 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांची तुलना मांडली. एका शाळेत बारीकसारीक चुकीला मार होता, दुसरीत नव्हता. खेळणं चोरून बघणारी माराच्या शाळेतली जवळजवळ सगळी मुलं खोटं बोलली, आणि पुढच्या प्रश्नांना ते खोटं जास्त सफाईनं निभावून नेलं. धाकानं सरळपणा आला नाही, खोटं बोलण्याचा सराव तेवढा झाला. स्तुतीलाही एक काटा असतो. 2017 मध्ये झालेल्या एका अभ्यासात ‘तू हुशार आहेस’ असं ऐकवलेल्या लहान मुलांनी ‘आत्ता छान केलंस’ असं ऐकवलेल्या मुलांपेक्षा जास्त फसवणूक केली. हुशार हे बिरूद एकदा लागलं की ते टिकवायची धडपड सुरू होते. स्कॉलरशिपच्या यादीसाठी चौथीपासून सराववर्ग लावणाऱ्या आमच्या जिल्ह्यानं हे विसरू नये.

आता वर्गात नेमकं काय घडतं ते जवळून पाहू. नववी-दहावीच्या विज्ञानाची प्रयोगवही घ्या. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचा प्रयोग आहे. खिडकीतून दिसणाऱ्या झाडाची प्रतिमा पांढऱ्या कागदावर घ्यायची, भिंग पुढं-मागं करून ती स्पष्ट झाली की पट्टीनं अंतर मोजायचं. तीन वेळा मोजायचं, सरासरी काढायची. मुलीचं माप येतं 9.4, मग 10.3, मग 9.6. शेजारच्या वहीत तिन्ही वेळा 10 आहे, कारण ती गेल्या वर्षीच्या ताईच्या वहीतून उतरली आहे. शिक्षक तिची वही बघून म्हणतात, 10 यायला पाहिजे. मुलगी खोडरबर घेते आणि तीन ठिकाणी 10 लिहिते. लाल पेनानं बरोबरची खूण होते, सही होते. त्या दिवशीच्या टाचणात मूल्याच्या रकान्यात वैज्ञानिक दृष्टिकोन असं लिहिलेलं असतं.

यात शिक्षक वाईट नाहीत. एका भिंगावर पंधरा मुलं, तास पस्तीस मिनिटांचा, वह्या तपासून द्यायच्या. पण त्या मुलीला त्या दिवशी कळलं ते हे, की डोळ्यांनी दिसलेलं लिहायचं नसतं, अपेक्षित असलेलं लिहायचं असतं. अख्ख्या शालेय जीवनात खरेपणाचा याहून मोठा पाठ मला सापडत नाही, आणि तो उलटा शिकवला जातो. शाळातपासणीच्या वेळचा तो प्रसिद्ध संकेतही याच जातीचा: उत्तर येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा. साहेबांना सगळा वर्ग हात वर केलेला दिसला पाहिजे. राजकोटच्या शाळेत इन्स्पेक्टर जाइल्स यांनी शब्द लिहायला सांगितले तेव्हा शिक्षकांनी बुटाच्या टोकानं खुणावलं, शेजाऱ्याच्या पाटीवरचं बघ, आणि मोहनदास गांधींनी ते बघितलं नाही. ही हकिगत सांगताना आपण मोहनदासचं कौतुक करतो. खुणावणाऱ्या शिक्षकाबद्दल बोलत नाही.

कॉपीचा प्रश्न सर्वांच्या नजरेसमोरचा, म्हणून तिथं उपायही सर्वांत जास्त झाले. परीक्षांतले गैरप्रकार रोखायला महाराष्ट्रात 1982 पासून कायदा आहे. भरारी पथकं, बैठी पथकं आली, आता केंद्रांवर कॅमेरे आले. नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना 2010च्या सुमारास कॉपीमुक्तीची मोहीम झाली. जिल्ह्याचा निकाल घसरला, गदारोळ झाला, आणि तरीही तोच नमुना पुढं राज्यानं उचलला. त्या मोहिमेत मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की प्रशासनानं पडलेला निकाल झाकला नाही. त्या मानानं परीक्षेआधी मुलांकडून सामुदायिक शपथ घ्यायची रीत मला पोकळ वाटते. अर्जाच्या सुरुवातीला सचोटीची सही घेतली की माणसं कमी खोटं बोलतात, असा एक अमेरिकी शोधनिबंध 2012 मध्ये गाजला होता. पुढं त्याच लेखकांना तो परिणाम पुन्हा दिसला नाही, मग एका प्रयोगातली आकडेवारीच बनावट असल्याचं उघड झालं, आणि 2021 मध्ये निबंध मागं घेण्यात आला.

मुलं कॉपी करतात यापेक्षा मोठी माणसं काय करतात, हे मला जास्त काळजीचं वाटतं. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. मोजलेलं मूल दुसऱ्या शाळेत पुन्हा मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली गेली. पटावर असलेली सुमारे 20 लाख मुलं प्रत्यक्षात सापडली नाहीत. तुकड्या, अनुदान, शिक्षकांच्या जागा, सगळं त्या आकड्यांवर चाललं होतं. आपलं बोट शाईत का बुडवतात, हे मुलांनी विचारलं असेलच. 2019-20 च्या शिक्षक पात्रता परीक्षेत पैसे घेऊन निकाल बदलल्याचं 2021च्या डिसेंबरात पुणे पोलिसांनी उघड केलं, आणि नंतर साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. नोव्हेंबर 2025 मध्ये याच परीक्षेच्या तोंडावर पेपर देतो म्हणून उमेदवारांकडून पैसे घेणाऱ्या टोळीला पोलिसांनी पकडलं, ते कागल तालुक्यात. बिद्रीचा हाच तालुका, गोखल्यांच्या शाळेचाही हाच. आरोप कोर्टात ठरतील. पण वर्गात उभं राहून खरेपणा शिकवायचा परवानाच विकत मिळतो अशी चर्चा चहाच्या टपरीवर मुलांच्या कानावर पडते, तेव्हा परिपाठातला सुविचार फिका पडतो.

घरीही असंच काही चालतं. आठवीतल्या मुलाला एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायचं असतं. त्यासाठी पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. दाखल्यावर किती आकडा घालायचा, याची चर्चा मुलाच्या देखतच होते.

तरी बिद्रीसारख्या गावात एक गोष्ट मुलांना जन्मापासून बघायला मिळते, ती शहरातल्या मुलांना मिळत नाही. दूधगंगा-वेदगंगेच्या या खोऱ्याचा संसार दूध आणि ऊस यांवर चालतो. सकाळी सहाच्या सुमाराला दूध संस्थेत किटल्या घेऊन रांग लागते. दूध मापात ओतलं जातं, त्यातून नमुना काढला जातो, फॅट आणि डिग्री लागते, आकडे चिठ्ठीवर येतात आणि दहा दिवसांचं बिल त्यावरून ठरतं. किटली घेऊन आलेल्या दहा वर्षांच्या पोरीला ठाऊक असतं की पाणी घातलं तर डिग्री सांगते, आणि मापणाऱ्यानं हात मारला तर आजी तिथंच बोलते. 1963 मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाचा, म्हणजे गोकुळचा, पाया या रोजच्या उघड्या मोजणीवर आहे. उसाच्या काट्यावर विश्वास बसावा म्हणून पश्चिम महाराष्ट्रात आंदोलनं झाली ती याचसाठी: माप दोघांना दिसलं पाहिजे. प्रामाणिकपणा हा नुसता मनाचा गुण नाही, तो व्यवस्थेनं शक्य करून द्यावा लागतो, हे शिकवायला याहून चांगलं साहित्य कुठल्या पुस्तकात आहे? एखाद्या शिक्षकानं सहावीचा वर्ग सकाळी दूध संस्थेत नेला, नमुना कसा काढतात, तंटा झाला तर कसा मिटतो हे सेक्रेटरींना विचारायला लावलं, तर गणित, विज्ञान आणि नीती यांचा तास एकत्रच होईल.

शाळांत जे प्रयोग रुजलेले दिसतात, त्यांत मुलांच्या हाती खरा व्यवहार दिलेला असतो. अल्पबचतीच्या संचयिकेत, म्हणजे शाळेतल्या बचत बँकेत, मुलंच खातेपुस्तक लिहायची. स्काउट-गाइडमधली खरी कमाई, म्हणजे मुलांनी छोटी कामं करून पैसे मिळवणं, हीही तशीच. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांत कमवा आणि शिका यातून मुलांनी हिशेब शिकला. अलीकडं काही शाळांत विक्रेत्याविना दुकान चालतं: वह्या, पेन्सिली, खोडरबर मांडलेले, किमती लिहिलेल्या, शेजारी पैशांचा डबा. गुजरातेत याला रामहाट म्हणतात. दुकान मांडणं सोपं असतं. खरी कसोटी महिन्याच्या शेवटी लागते, जेव्हा डब्यात तीस रुपये कमी निघतात. चोर शोधायला दप्तरं झडली की प्रयोग तिथंच संपला. आकडा फळ्यावर लिहून, कुणाला आठवलं तर गुपचूप टाकावं एवढंच सांगितलं, तर पुढच्या महिन्यात तूट कमी होऊ शकते. न झाली, तर वर्गानं एकत्र बसून दुकान कसं चालवायचं ते ठरवावं. शांतिलाल मुथा फाउंडेशनचा मूल्यवर्धन हा कार्यक्रम 2009 मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत सुरू झाला आणि पुढं शासनाबरोबर राज्यभर गेला. त्याचा भरही उपदेशापेक्षा जोडीनं आणि गटानं बोलण्यावर आहे. त्याची मला आवडणारी बाजू म्हणजे मुलाला स्वतःचं मत मांडायची जागा मिळते. बोलायलाच न शिकलेलं मूल खरं कधी बोलणार?

माझ्या मते सुरुवात प्रयोगवहीपासून व्हावी. दहावीला विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाचे गुण शाळेच्याच हातात असतात, त्यासाठी मुंबईहून आदेश यायची गरज नाही. ज्या मुलीनं 9.4, 10.3, 9.6 लिहिलं आणि खाली दोन ओळींत प्रतिमा पुसट होती, पट्टी हलली असं कारण दिलं, तिला पूर्ण गुण द्यावेत. तिन्ही वेळा 10 लिहिणाऱ्याला बोलावून, तुझ्या डोळ्यांना काय दिसलं ते सांग, असं विचारावं आणि प्रयोग पुन्हा करायला लावावा. चुकलेलं गणित खोडू नये, शेजारी दुरुस्त करावं, आणि खोडलेल्यापेक्षा दुरुस्त केलेल्याला अर्धा गुण जास्त मिळावा. असं करणाऱ्या शिक्षकाच्या वह्या सुबक दिसणार नाहीत, आणि पहिल्या सहामाहीत त्याच्या वर्गाची सरासरी शेजारच्या तुकडीपेक्षा खाली येईल. तेव्हा मुख्याध्यापक त्याच्या पाठीशी उभे राहतात की त्याच्याकडून लेखी खुलासा मागतात, हे आज त्या त्या मुख्याध्यापकाच्या मर्जीवर सोडलेलं आहे.